कंटेनरचा तास, रुग्णाचा तास

उरणच्या न्हावा-शेवा बंदरात उतरलेला कंटेनर किती तास पडून राहिला, हे आज बसल्या जागी पाहता येतं. २०१६ सालच्या जुलैपासून इथल्या कंटेनरला आरएफआयडी टॅग लागतो. बंदराच्या गेटबाहेर कधी पडला, टोलनाका कधी ओलांडला, सगळ्याची वेळ नोंदली जाते. २०२४-२५ या वर्षात या बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू मालाची ने-आण केली. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनर धरून केलेली मोजणी. एवढ्या अवाढव्य कारभारातही एक पेटी नेहमीपेक्षा जास्त थांबली तर विचारणारा असतो, का थांबली म्हणून. थांबण्याचे पैसे पडतात, आणि ज्याच्या खिशातून ते जातात त्याचं म्हणणं ऐकलं जातं.

आता दुसरा तास घ्या. करळ फाट्याजवळ कामावरून घरी निघालेल्या मोटारसायकलवाल्या पोराला ट्रेलरने उडवलं. अपघाताची वेळ, रुग्णवाहिका पोचली ती वेळ, उरणात मलमपट्टी झाली ती वेळ, ‘वाशीला हलवा’ असं सांगितलं ती वेळ आणि शेवटी सर्जनचा हात लागला ती वेळ. या पाच वेळा पाच ठिकाणी विखुरलेल्या असतात: पोलिसांचे कागद, १०८ रुग्णवाहिकेची नोंद, सरकारी दवाखान्याचं रजिस्टर, खासगी इस्पितळाची फाइल आणि घरच्यांची आठवण. या सगळ्या एकत्र लावून उरण तालुक्याचा वर्षाचा हिशेब कुणी लोकांपुढे मांडलेला मी अजून पाहिलेला नाही.

आज त्या हिशेबाबद्दल बोलायचंय. आरोग्यसेवेचं आर्थिक मूल्यमापन असं त्याचं भारदस्त नाव आहे. प्रश्न साधा असतो: सरकारचा एक रुपया दवाखान्यात घातला तर माणसांना त्यातून किती आयुष्य मिळतं, कशा प्रतीचं मिळतं, आणि तोच रुपया दुसरीकडे घातला असता तर जास्त मिळालं असतं का?

हे ऐकलं की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली: जिवाची किंमत करता काय?

उरणकराच्या तोंडी हा सवाल आला तर मी त्याला दोष देणार नाही. इथल्या माणसांनी किंमत ठरवली जाताना पाहिली आहे. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. मोबदला कुणी ठरवला, कसा ठरवला, हे गावात येऊन कुणी सांगितलं नाही. तेव्हा लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे माणसं रस्त्यावर उतरली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. दुसऱ्याने केलेल्या हिशेबाचा धाक इथे रक्तात आहे.

पण त्याच लढ्याने एक गोष्ट शिकवली. हिशेब नाकारून काही मिळालं नाही, हिशेब हातात घेतल्यावर मिळालं. जमीन किती, दर किती, विकासानंतर तिचं मोल किती, हे माणसं बोलू लागली तेव्हा सरकारला ऐकावं लागलं. दवाखान्याच्या बाबतीत आपण अजून निवेदन, उपोषण आणि आश्वासन यांच्यातच फिरतोय. उरणला १०० खाटांचं रुग्णालय हवं ही मागणी वर्षानुवर्षांची आहे. बरोबर मागणी आहे. तिच्यासोबत आकडा मात्र नाही.

आणि जिवाची किंमत कुणी करू नये म्हणणाऱ्यांना एकच सांगायचंय: ती रोज होते. अर्थसंकल्पात एका ओळीला पैसे मिळतात, दुसरीला मिळत नाहीत, तेव्हा होते. सर्जनची जागा रिकामी ठेवली जाते तेव्हा होते. फक्त ती कागदावर लिहिलेली नसते, म्हणून तिच्याशी भांडता येत नाही. लिहिलेल्या किमतीशी भांडता येतं. मला लिहिलेली हवी आहे.

*

मोजतात कसं, ते करंजाच्या एका कोळणीच्या गुडघ्यावरून सांगतो. बाई पन्नाशीची. पहाटे धक्क्यावर, मग टोपली घेऊन बाजारात, दुपारपर्यंत उभी किंवा उकिडवी. गुडघा गेलाय. तिला पाच गोष्टी विचारतात: चालता येतं का, अंघोळ-कपडे स्वतः करता येतं का, रोजची कामं होतात का, दुखतं किती, आणि मनाला घोर किती. जगभरच्या अभ्यासांत वापरली जाणारी ही प्रश्नावली पाचच प्रश्नांची आहे. उत्तरांवरून एक आकडा निघतो. पूर्ण धडधाकट असेल तर एक, मेलेला माणूस शून्य. बाईचा आला समजा ०.६. म्हणजे ती जगली ते वर्ष पूर्ण वर्ष धरलं जात नाही. गुडघ्यावर उपचार होऊन तिचा आकडा ०.८ झाला आणि ती पुढे दहा वर्षं तशी जगली, तर त्या उपचाराने दोन पूर्ण वर्षं दिली. अभ्यासक याला क्वाली म्हणतात. उपचाराचा खर्च त्या दोनने भागला की एका वर्षाचा भाव कळतो.

यात मला आवडणारी गोष्ट अशी की तिची कमाई इथे कुठेच आली नाही. जुनी एक पद्धत होती, आजही नुकसानभरपाईच्या खटल्यांत तिची सावली दिसते: माणूस किती कमावत होता त्यावरून त्याच्या आयुष्याचं मोल. त्या पद्धतीत बंदरातल्या अधिकाऱ्याचा गुडघा कोळणीच्या गुडघ्यापेक्षा महाग ठरतो आणि घरी बसलेल्या म्हातारीचा तर फुकट. क्वालीत अधिकारी आणि कोळीण यांचं एक वर्ष सारखंच. सगळ्यात गरिबाच्या बाजूने उभी राहणारी मोजणी कुठली असेल तर ही, आणि तरी गरिबांच्या बाजूने बोलणारेच तिला घाबरतात.

भारत सरकारने यासाठी २०१७ साली आरोग्य संशोधन विभागात स्वतंत्र यंत्रणा उभी केली, आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची. ढोबळ कसोटी अशी की एका पूर्ण वर्षाला देशाच्या दरडोई जीडीपीपेक्षा कमी खर्च पडत असेल तर तो उपचार किफायतशीर. आज हा दरडोई आकडा वर्षाला सव्वादोन लाख रुपयांच्या पुढे आहे. या यंत्रणेचं एक केंद्र परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी गर्भाशयात जो फुगा बसवतात, त्याच्या स्वस्त आणि महाग प्रकारांचा सरकारी दवाखान्यांच्या अंगाने हिशेब त्यांनी केलेला आहे. परळ म्हणजे शिवडीच्या शेजारी. अटल सेतूच्या पलीकडच्या टोकाला, उरणपासून पुलाइतकंच लांब.

*

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर गडचिरोलीला चला. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या बायका तयार केल्या आणि दुसरीकडची ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. ही गोष्ट महाराष्ट्रात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याच लेखातला दुसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही: एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर, आणि दर १८ बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळला.

गुणाकार करा. १८ गुणिले ५.३, म्हणजे शंभर डॉलरही नाहीत. त्या काळच्या भावाने साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. एका बाळाचा जीव.

दिल्लीच्या टेबलावर या एका ओळीने जे केलं ते शंभर भाषणांनी झालं नसतं. २०११ साली घरोघरी नवजात बालसेवा हे देशभरच्या आशाताईंचं काम झालं. बाळ दवाखान्यात जन्मलं तर सहा भेटी, घरी जन्मलं तर सात. आज उरणच्या वाडीवर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जी आशाताई काटा आणि थर्मामीटर घेऊन येते, ती त्या हिशेबातून आली आहे. तिला त्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. एवढा फायदा देणाऱ्या कामाला एवढंच मानधन, हे त्याच हिशेबाने चव्हाट्यावर आणायला हवं. खर्च कमी आला, कारण बाईची मेहनत स्वस्त धरली. माझी ही तक्रार मूल्यमापन करणाऱ्यांकडेही आहे. स्वस्तात पडलं म्हणून टाळ्या वाजवताना कुणाला स्वस्तात घेतलं ते लिहा.

आपल्याच रायगड जिल्ह्यातलं उदाहरण महाडचं. विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात माणसं, विशेषतः पोरं, हकनाक मरत. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची एक साधी गोळी, प्राझोसिन, त्यावर वापरली आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. पुढे विंचवाच्या विषावरची लस मिळू लागली तेव्हा बावस्कर दाम्पत्याने ७० रुग्णांवर तुलना केली आणि २०११ साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. नुसत्या गोळीवर दहा तासांत पूर्ण बरे झाले ते ३५पैकी आठ. गोळी आणि लस दोन्ही दिली तेव्हा ३५पैकी ३२.

इथे खरा अर्थशास्त्राचा प्रश्न सुरू होतो. गोळी काही रुपयांची, लस तिच्या कितीतरी पट महाग. ‘लस चांगली का?’ एवढं विचारून भागत नाही. गोळीच्या वर जो जादा खर्च झाला त्यातून जादा काय मिळालं, हे विचारावं लागतं. मिळाले ते काही तास. ते तास कुणाचे? भातकापणीच्या दिवसांत विंचू चावतो तो मजुराला. त्याचा बुडालेला रोज, शेजारी बसून राहिलेल्या बायकोचा बुडालेला रोज, हे धरलं तर उत्तर एक येतं, फक्त दवाखान्याचं बिल धरलं तर दुसरंच. खर्च कुणाच्या बाजूने मोजायचा, सरकारच्या की समाजाच्या, यावर सगळं फिरतं. रुग्णाच्या घरचा खर्च वगळून केलेलं कुठलंही मूल्यमापन मी अर्धवट मानतो. उरणहून वाशी-नेरुळला रुग्ण हलवला की खासगी गाडीचं भाडं, दोन नातेवाइकांचं खाणंपिणं, त्यांचे बुडालेले दिवस आणि गहाण पडलेलं मंगळसूत्र, हेही खर्चच आहेत.

*

आता उरणचं गणित मांडू. पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण रीत खरी आहे.

समजा, अपघातग्रस्तांवर तिथल्या तिथे शस्त्रक्रिया करू शकेल असं केंद्र उरणला झालं. सर्जन, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, सीटी स्कॅन, रात्रपाळी, सगळं धरून वर्षाला चार कोटी. त्यामुळे वर्षाला दहा जीव जास्त वाचले. अपघातात सापडतात ते बहुतेक तरणे. प्रत्येकाला पुढे चाळीस वर्षं मिळाली असं धरू. दहा गुणिले चाळीस, चारशे वर्षं. चार कोटी भागिले चारशे. एका वर्षाला एक लाख रुपये. कसोटीच्या निम्म्याहून कमी, उत्तम.

अर्थशास्त्री इथे थांबत नाहीत, आणि थांबू नयेत. ते म्हणतात, पैसे आज जातात आणि वर्षं पुढे मिळतात, तेव्हा पुढच्या वर्षांना दरसाल तीन टक्क्यांनी उतरतं धरा. मग चाळीस वर्षांची तेवीस होतात. भाव जातो एक लाख ७३ हजारांवर. शिवाय वाचलेला प्रत्येक जण धडधाकट उठत नाही, कुणाचा पाय जातो, कुणाची वाचा. सरासरी ०.८ धरली तर भाव दोन लाख १६ हजार. तरीही कसोटीच्या आत. काठावर, पण आत.

आणि दहाऐवजी पाचच जीव वाचणार असतील तर? चार लाख ३३ हजार. बाहेर!

पाहा, सगळं कुठे येऊन अडलं ते. खर्चाचा अंदाज कुठलाही इंजिनिअर आठ दिवसांत देईल. व्याजदर पुस्तकात छापलेला आहे. अडतंय ते एकाच ठिकाणी: केंद्र जवळ असतं तर किती जण वाचले असते? पाच की दहा की वीस? ‘हलवा’ म्हणून पाठवलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं हे कळल्याशिवाय याचं उत्तर मिळणार नाही. संदर्भ नोंदवहीत साधारणपणे नाव, वय, निदान, कुठे पाठवलं, एवढं असतं. तो वाटेत गव्हाण फाट्यावर गेला की वाशीला पोचून तीन दिवसांनी घरी चालत आला, हे त्या वहीला ठाऊक नसतं. त्या एका रिकाम्या रकान्यापायी चार कोटींचा निर्णय अंधारात आहे, आणि दहा माणसांचाही.

*

आता उरणकरांना कदाचित रुचणार नाही असं एक. मूल्यमापन नेहमी विचारतं: कशाच्या तुलनेत?

केंद्राच्या तुलनेत दुसरा मार्ग काय? ज्या रस्त्यावर माणसं मरतात तो रस्ता. रात्री मागचा दिवा न लावता कडेला उभे केलेले ट्रेलर. सेवा रस्त्यावर लागलेल्या रांगा. वळणावर न दिसणारी मोटारसायकल. मालगाड्यांसाठी पुरेसा वाहनतळ, ट्रेलरच्या पाठीला चमकणारी पट्टी, रस्त्यावर उजेड, दुचाकीला वेगळी वाट, आणि नियम मोडणाऱ्यावर सलग कारवाई, यावर तोच पैसा घातला तर दहापेक्षा जास्त जीव वाचतील, असं गणित निघण्याची मला दाट शक्यता वाटते. मेंदूला मार लागल्यावर सर्जन शोधण्यापेक्षा मार लागू न देणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

मग रुग्णालय नको? हवंच. बाळंतपणं आहेत, हृदयविकार आहे, सर्पदंश आहे. आणि या तालुक्यात ओएनजीसी आहे, गॅस भरण्याचे कारखाने आहेत, वीजनिर्मिती आहे. ३ सप्टेंबर २०१९ला ओएनजीसीच्या उरण प्रकल्पात आग लागली आणि चार जण गेले. अशा तालुक्याला भाजलेल्यांवर उपचार करणारी जागा जवळ लागते, आणि तिचा हिशेब रोजच्या ओपीडीच्या गर्दीवरून करता येत नाही. २०११च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या एक लाख ६० हजारांच्या घरात होती. बंदरात रोज येणारे चालक, क्लीनर, गोदामांतले परप्रांतीय कामगार तिच्यात नाहीत. खाटा मात्र जनगणनेवर ठरतात. बंदर मोजतं पेट्या, सरकार मोजतं रेशनकार्डवाले, आणि ट्रेलरच्या केबिनमध्ये झोपणारा उत्तर प्रदेशचा चालक कुणाच्याच मोजणीत नाही.

म्हणून क्रम लागायला हवा. आधी कुठला रुपया, मग कुठला. क्रम लावायला आकडे लागतात.

*

‘एवढं बारीक कोण मोजणार?’ असं विचाराल तर अटल सेतूकडे बोट दाखवतो.

१२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालेला, शिवडी ते चिर्ले, २१.८ किलोमीटरचा पूल. जपानच्या ‘जायका’चं कर्ज त्याला आहे. असं कर्ज मंजूर होण्याआधी आर्थिक लाभाचं रीतसर गणित होतं: प्रवाशांचा वाचलेला वेळ आणि गाड्यांचा वाचलेला खर्च रुपयांत मांडतात, तो बांधकामाच्या खर्चाशी ताडून पाहतात. मोटारीत बसलेल्या माणसाच्या मिनिटाला भाव लावला, तेव्हा कुणी म्हटलं नाही की माणसाच्या वेळेची किंमत करता काय. मग रुग्णवाहिकेत पडलेल्या माणसाच्या मिनिटाला भाव लावायला लाज कसली?

पुलाने आरोग्याचं काही भलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. शिवडीला उतरलं की केईएम, टाटा, वाडिया ही इस्पितळं हाकेच्या अंतरावर. पूर्वी पनवेलचा वळसा किंवा मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच, आणि भरती-ओहोटी सांभाळत ती. आता चिर्ल्याहून गाडी सरळ निघते. हा फायदा खरा आहे आणि तोही मोजावा. त्याच मोजणीत हेही येऊ द्या की पुलावर दुचाकीला आणि रिक्षाला मनाई आहे. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर गावात जे वाहन हाताशी असतं ते बहुधा या दोनांतलंच. त्याला पनवेलचाच रस्ता.

*

आणि शेवटी घारापुरी. जग तिला एलिफंटा म्हणतं, पण ती उरण तालुक्यातली ग्रामपंचायत आहे. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर, अशा तीन वस्त्या, हजार-बाराशे माणसं. गुंफा पाहायला येणारे पर्यटक संध्याकाळच्या बोटीने परत जातात. गरोदर बाई तिथेच राहते, पावसाळ्यातही.

घारापुरीला चोवीस तास डॉक्टर ठेवायचा, तयार बोट ठेवायची, तर माणशी खर्च एवढा येईल की कुठलीही कसोटी ओलांडेल. नुसता आकडा पाहिला तर उत्तर ‘नको’. या ठिकाणी मी आकड्याच्या बाजूने उभा नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून घारापुरीला वीज आणली, तेव्हा माणशी खर्च पाहून कुणी हात आखडता घेतला नाही. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं ही माणसं अंधारात आहेत, एवढं कारण पुरलं. जी माणसं सगळ्यात मागे राहिली त्यांचं एक वर्ष जास्त वजनाचं धरा, असं आता अर्थशास्त्रीही म्हणतात आणि त्याची सूत्रं मांडतात.

थायलंडने हे उघडपणे केलं. डायलिसिसचा हिशेब तिथल्या अभ्यासकांनी केला आणि तो त्यांच्या कसोटीत बसत नाही असं स्वच्छ लिहिलं. तरी २००८पासून सरकारने तो सर्वांसाठीच्या आरोग्य योजनेत घेतला, कारण घरंच्या घरं कर्जात बुडत होती. मात्र घरच्या घरी करता येणारा पोटातला डायलिसिस आधी, अशी अट घालून घेतला. आकडा समोर होता, म्हणून त्याच्याविरुद्ध जाताना किती खर्च पडेल आणि तो कसा आवरायचा हेही ठाऊक होतं. न मोजता दयाळू होणं आणि मोजून दयाळू होणं यांत दुसरं जास्त टिकतं. घारापुरीची बोट मला अशीच हवी आहे: इतका खर्च येतो, कसोटीत बसत नाही, तरी आम्ही देतोय, असं कागदावर लिहून. म्हणजे पुढच्या वर्षी कुणाला ती गुपचूप बंद करता येणार नाही.

*

तर करायचं काय? रुग्णालयाच्या मागणीचं पुढचं निवेदन लिहाल तेव्हा त्यात एक छोटी मागणी आधी घाला. उरणमधून बाहेर हलवलेल्या प्रत्येक रुग्णाच्या नोंदीला तीन रकाने वाढवा: अपघात किंवा त्रास सुरू झाल्याची वेळ, पुढच्या इस्पितळात उपचार सुरू झाल्याची वेळ, आणि तिसाव्या दिवशी माणूस कसा आहे. सरकारी आणि खासगी, दोन्हीकडून. १०८ सेवा २०१४ सालापासून राज्यात आहे, कॉल आल्याची आणि गाडी पोचल्याची वेळ तिच्याकडे असते; ती याला जोडा. तिसाव्या दिवशी घरी फोन करून तेच पाच प्रश्न विचारा, गुडघेदुखीच्या कोळणीला विचारले ते. त्याबरोबर सहावा: आजवर खिशातून किती गेले, आणि ते कुठून आणले?

याला नवी इमारत लागत नाही. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. तिथे सामुदायिक वैद्यकशास्त्र विभाग असतो, प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलं असतात. परळच्या संस्थेत गणित मांडणारे बसलेले आहेत. बंदराकडे आणि तेल कंपनीकडे सामाजिक जबाबदारीचा निधी आहे. दोन इंटर्न, एक फोन, एक वही आणि एक वर्ष एवढं या कामाला पुरतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं एक पत्र निघालं की पुढच्या सोमवारी काम सुरू होऊ शकतं. आमदार, खासदार आणि पंचायत समितीचे सदस्य यांच्यापैकी ज्याला रुग्णालयाच्या भूमिपूजनाची कुदळ मारायची आहे, त्याने आधी त्या पत्रासाठी अलिबागची एक खेप करावी.